बिनधडाचा मणका

माणसाच्या मानेत सात मणके असतात. त्यांपैकी तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे मणके सुटे करून टेबलावर मांडले, तर कोणता कितवा हे सांगताना शरीररचनाशास्त्राच्या विद्यार्थ्याचीही तारांबळ उडते. पहिला मणका मात्र हाडांच्या ढिगातून डोळे मिटून, नुसत्या हाताच्या स्पर्शानेही निवडता येतो. इतर मणक्यांना पुढच्या बाजूस एक जाड, भरीव भाग असतो, ज्याला मणक्याचे धड म्हणता येईल. धडाच्या मागे हाडाची कमान असते, कमानीच्या पाठीवर काटा असतो आणि धड व कमान यांच्यामधल्या पोकळीतून मज्जारज्जू, म्हणजे मेंदूपासून खाली उतरणारा चेतातंतूंचा जाड दोर, जातो. पहिल्या मणक्याला धडही नाही आणि काटाही नाही. ते हाडाचे एक कडे आहे, प्रौढ माणसात सुमारे सात ते नऊ सेंटिमीटर रुंद. त्याच्या दोन बाजूंना दोन भक्कम ठोकळे, ठोकळ्यांना पुढून जोडणारी आखूड कमान आणि मागून जोडणारी लांब, बारीक कमान. ठोकळ्यांच्या वरच्या अंगाला दोन उथळ पळ्यांसारखे खळगे असतात आणि कवटीच्या तळाचे दोन गोलसर उंचवटे त्यांत बसतात. डोक्याचा सगळा भार या दोन खळग्यांवर येतो.

या मणक्याला ॲटलस हे नाव मिळाले ते ग्रीक पुराणकथेतल्या, खांद्यावर आकाश पेलणाऱ्या महाकाय ॲटलसवरून. मराठी वाचकाला अशा वेळी फण्यावर पृथ्वी धरणारा शेष आधी आठवेल. शास्त्रीय परिभाषेत या मणक्यासाठी शीर्षधर असा नेमका शब्द आहे. भार पेलण्याइतकेच महत्त्वाचे काम हालचालीचे. होकारासाठी मान खालीवर डोलावली जाते ती मुख्यतः कवटी आणि ॲटलस यांच्यामधल्या सांध्यात, तर नकारासाठी मान डावीउजवीकडे हलते तेव्हा कवटीला बरोबर घेऊन ॲटलस हा दुसऱ्या मणक्याभोवती फिरतो. या दुसऱ्या मणक्याचे नाव अक्ष. त्याच्या धडातून दातासारखा एक सुळका वर येतो, ॲटलसच्या कड्यात शिरतो आणि पुढच्या कमानीला पाठीमागून टेकून उभा राहतो. एक आडवा, चिवट अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाडाशी बांधून ठेवणारी पट्टी, त्याला तिथे जखडून ठेवतो. मान वळवण्याच्या एकूण आवाक्यापैकी जवळजवळ निम्मा आवाका या एकाच जोडीतून मिळतो.

ॲटलसचे हरवलेले धड सापडते ते इथेच. अक्षाचा तो सुळका म्हणजे मुळात ॲटलसचेच धड असून गर्भावस्थेत ते आपल्या मणक्यापासून सुटून खालच्या शेजाऱ्याला कायमचे चिकटते. राहूचे धड केतूला गेले तसाच हा प्रकार, फरक इतकाच की इथे त्यामुळे कोणाचे बिघडत नाही, उलट मान वळू लागते. या मणक्यात जन्मजात व्यंगे का उद्भवतात आणि ती ठरावीक जागीच का दिसतात, हे समजण्यासाठी ही घडण थोडी बारकाईने पाहावी लागते.

गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास भावी मज्जारज्जूच्या दोन्ही अंगांना ऊतींच्या लहान ठोकळ्यांच्या जोड्या एकाखाली एक तयार होऊ लागतात. त्यांना देहखंड म्हणता येईल. एका देहखंडातून एक मणका असा सरळ हिशेब निसर्गाने ठेवलेला नाही. प्रत्येक खंडाचा मणके घडवणारा भाग आडवा दुभंगतो आणि वरच्या खंडाचा खालचा अर्धा भाग व खालच्या खंडाचा वरचा अर्धा भाग एकत्र येऊन एक मणका बनतो. सर्वांत वरचे चार खंड मात्र मणके न होता एकमेकांत मिसळून कवटीच्या तळाचा मागचा भाग घडवतात. म्हणजे चौथ्या आणि पाचव्या खंडांच्या दरम्यान कुठेतरी कवटी संपते आणि कणा सुरू होतो, आणि ॲटलस हा त्या सीमेवरचा पहिला रहिवासी. सीमा जराशी सरकली, वेगळे व्हायचे ते वेगळे झाले नाही किंवा जुळायचे ते जुळले नाही, की त्याची खूण या मणक्यावर उमटते. पुढच्या कमानीची गोष्ट तर आणखी निराळी आहे, कारण गर्भातल्या प्रत्येक मणक्याच्या पुढे ऊतींची एक बारीक पट्टी तयार होते, बाकीच्या मणक्यांत ती विरून जाते आणि एकट्या ॲटलसमध्ये ती टिकून तिची कमान होते.

ही सीमा जनुकांच्या ताब्यात असते, याचा एक ठळक पुरावा १९९३ साली उंदरांवरील प्रयोगातून मिळाला. ब्रायन काँडी आणि मारिओ कापेक्की (जनुके हेरून निकामी करण्याच्या तंत्रासाठी २००७ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी) यांनी हॉक्स गटातले, म्हणजे कोणत्या देहखंडाने काय व्हायचे हे ठरवणाऱ्या जनुकांपैकी, एक जनुक निकामी केले, तेव्हा त्या उंदरांत ॲटलस कवटीच्या तळाशी एकजीव झालेला दिसला आणि अक्षाने ॲटलसचे रूप घेतल्यासारखे झाले. जणू या दोन्ही मणक्यांनी स्वतःला एक पायरी वरचे समजून घडायला सुरुवात केली होती. माणसातल्या बहुतेक उदाहरणांत असे एखादे जनुक बोट ठेवून दाखवता येत नाही.

सीमेइतकाच वेळेचाही प्रश्न आहे. कूर्चेचा, म्हणजे मऊ, लवचीक ऊतीचा, आधी साचा बनतो आणि मग त्यात ठरावीक ठिकाणांपासून हाड भरत जाते. ॲटलसमध्ये अशी मुख्यतः तीन केंद्रे असतात. दोन बाजूंच्या ठोकळ्यांतली केंद्रे गर्भाच्या सातव्या आठवड्याच्या सुमारास जागी होतात आणि त्यांच्यापासून हाड मागे पसरत जाते. पुढच्या कमानीतले केंद्र मात्र जन्माच्या वेळी बहुधा दिसतच नाही, ते पहिल्या वर्षात उगवते. मागून येणाऱ्या दोन बाहूंची टोके तिसऱ्या-चौथ्या वर्षी मध्यभागी एकमेकांना भिडतात आणि पुढची कमान ठोकळ्यांशी सांधली जायला सहा ते आठ वर्षे उजाडतात. थोडक्यात, बालवाडीतल्या मुलाच्या डोक्याखालचे कडे अजून पुरते बंद झालेले नसते.

पुष्कळ माणसांत ते मागच्या बाजूला कधीच बंद होत नाही. गायपेल या जर्मन संशोधकाने १,६१३ शवविच्छेदनांत ॲटलस तपासले, तेव्हा मागच्या कमानीतली जन्मजात उणीव सुमारे चार टक्क्यांत आणि पुढच्या कमानीतली फट अवघ्या ०.१ टक्क्यात आढळली. मागच्या उणिवांपैकी बहुसंख्य उणिवा म्हणजे दोन बाहू जिथे भेटायचे तिथेच, अगदी मध्यरेषेवर राहिलेली अरुंद चीर. ती मोकळी भेग नसते. तिच्यात तंतुमय ऊतींचा घट्ट पडदा ताणलेला असतो, त्यामुळे कड्याचे कडेपण बहुतांशी शाबूत राहते आणि त्या व्यक्तीला आयुष्यभर तिचा पत्ताही लागत नाही. पंचवीस माणसांमागे एकाजवळ असणाऱ्या आणि ज्याच्याजवळ आहे त्याला न कळणाऱ्या गोष्टीला व्यंग म्हणावे की निव्वळ वेगळेपण, हा प्रश्न वैद्यकीय अहवाल लिहिणाऱ्यांनी स्वतःला अधूनमधून विचारायला हवा, कारण अहवालातला ‘जन्मजात दोष’ हा शब्द वाचून घरी जाणाऱ्या माणसाची झोप त्या चिरेमुळे नव्हे, तर त्या शब्दामुळे उडते.

मागच्या कमानीतल्या उणिवांची वर्गवारी अमेरिकेतील डॅलस येथील बालरुग्ण क्ष-किरणतज्ज्ञ ग्विदो कुरारिनो यांनी सहकाऱ्यांसह १९९४ साली मांडली आणि ती आजही वापरली जाते. मध्यरेषेवरची चीर हा तिच्यातला ‘ए’ प्रकार. एका बाजूच्या बाहूत पडलेला खंड ‘बी’, दोन्ही बाहूंत खंड पण मध्यभाग शिल्लक तो ‘सी’, बाहू जवळजवळ नाहीतच पण मागचा छोटा उंचवटा तेवढा उरलेला तो ‘डी’ आणि संपूर्ण मागची कमानच गैरहजर असलेला तो ‘ई’. कमान पूर्ण नसलेला शेवटचा प्रकार सर्वांत भयंकर वाटावा, पण अनुभव तसा नाही. काळजी करायची ती ‘सी’ आणि ‘डी’ प्रकारांची. त्यांत हाडाचा एक सुटा तुकडा मज्जारज्जूच्या अगदी पाठीशी, दोन्ही बाजूंनी हाडाचा आधार नसलेल्या अवस्थेत, केवळ स्नायू आणि पडद्यांवर तरंगत असतो. एरवी तो गप्प राहतो. परंतु वरच्या फळीवरचा डबा काढण्यासाठी मान मागे टाकली, की कवटीचा मागचा भाग आणि अक्षाचा काटा यांच्या चिमट्यात सापडून तो पुढे, म्हणजे मज्जारज्जूच्या दिशेने, ढकलला जाऊ शकतो. मग मानेतून पाठीत आणि हातापायांत विजेचा झटका गेल्यासारखी कळ जाते, हातपाय बधिर होतात किंवा क्षणभर लुळे पडतात आणि मान सरळ केली की थोड्या वेळाने सारे पूर्ववत होते. अशा रुग्णात शस्त्रक्रिया करून तो सुटा तुकडा काढून टाकतात. कड्याचा खंड भरून न काढता उरलेलेही काढून घेतल्याने माणूस बरा होतो, ही गोष्ट चमत्कारिक वाटली तरी तिचे कारण साधे आहे: त्रास हाड नसल्याचा नव्हता, नको तिथे असल्याचा होता.

पुढची फट विरळा, आणि ती असते तेव्हा बहुधा मागेही चीर असते; अशा ॲटलसचे दोन अर्धे भाग जन्मभर वेगळेच राहतात. झाडावरून पडलेल्या मुलाची किंवा दुचाकीच्या अपघातात सापडलेल्या तरुणाची मान तपासताना असा दुभंग ॲटलस समोर आला, तर डॉक्टरांच्या छातीत धस्स होणे स्वाभाविक आहे, कारण ब्रिटिश शल्यविशारद जेफ्री जेफरसन यांनी १९२० साली वर्णन केलेला, त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा अस्थिभंग वरकरणी असाच दिसतो. डोक्यावर वरून जबर आघात झाला की कवटीचे उंचवटे ॲटलसच्या ठोकळ्यांना खाली आणि बाहेर रेटतात आणि काचेची बांगडी दाबली असता जशी एकाच जागी न मोडता अनेक जागी मोडते, तसे हे कडे पुढे व मागे फुटते. मोडलेल्या हाडाची कड खडबडीत, दातेरी असते आणि भोवतालचे मांस सुजलेले असते. जन्मजात फटीच्या कडा मात्र गुळगुळीत, गोलाई आलेल्या असतात आणि त्यांच्यावर हाडाचा कठीण, पांढरा बाह्यथर अखंड चढलेला दिसतो. साध्या क्ष-किरण चित्रात हा फरक निसटू शकतो, सीटी स्कॅनमध्ये सहसा निसटत नाही. लहान मुलांत पंचाईत अधिक, कारण त्यांच्या कड्यातल्या कूर्चेच्या जागा क्ष-किरणांत मोकळ्याच दिसतात आणि ॲटलसचे ठोकळे वाढीच्या ओघात अक्षापेक्षा रुंद होऊन थोडे बाहेर डोकावतात. तिथे न मोडलेले हाड मोडलेले ठरते आणि मुलाच्या गळ्यात विनाकारण पट्टा येतो. उलट चूक, म्हणजे खऱ्या अस्थिभंगाला जन्मजात फट समजून घरी पाठवणे, अर्थातच जास्त महाग पडते.

कडे असे जन्मतः अपुरे असूनही बहुतेकांचे काहीच का बिघडत नाही, याचे उत्तर कड्यातल्या जागेत आहे. अमेरिकन अस्थिशल्यविशारद हॉवर्ड स्टील यांनी १९६८ साली एक सोपा हिशेब मांडला: ॲटलसच्या पोकळीचा पुढूनमागचा व्यास तीन भागांत वाटला, तर एक भाग अक्षाचा सुळका व्यापतो, एक भाग मज्जारज्जू आणि एक भाग मोकळा राहतो. सुमारे तीन सेंटिमीटरांपैकी एक सेंटिमीटर मोकळी जागा म्हणजे दाटीवाटीच्या कण्यात मोठीच चैन होय. जोवर ही मोकळीक टिकून आहे आणि सुळका आपल्या जागी जखडलेला आहे, तोवर कमानीत चीर असली काय आणि कमानच नसली काय, मज्जारज्जूला त्याची झळ पोहोचत नाही. ज्या व्यंगांमुळे ही मोकळीक खाल्ली जाते किंवा ही जखडण सैल होते, ती खरी धोक्याची.

त्यांत पहिले नाव ॲटलस कवटीला जोडलेला असण्याचे. इथे सीमाच आखली गेलेली नसते. ॲटलस पूर्णतः किंवा अंशतः कवटीच्या तळाशी एकजीव होतो आणि होकाराचा सांधा तयारच होत नाही. वेगवेगळ्या पाहण्यांत हे प्रमाण हजारात एकापासून सात-आठांपर्यंत आढळले आहे. अशा व्यक्तीची मान पुष्कळदा आखूड, केसांची मागची रेषा खाली आलेली आणि मान वळण्यावर मर्यादा, अशी असते. मॉरिस क्लिपेल आणि आंद्रे फेय या फ्रेंच डॉक्टरांनी १९१२ साली वर्णन केलेल्या, मानेचे मणके जन्मतः जोडलेल्या विकाराशी या रूपाचे साम्य आहे आणि प्रत्यक्षातही या दोन गोष्टी अनेकदा एकत्र येतात. वर कवटी व ॲटलस जोडलेले आणि खाली दुसरा व तिसरा मणका जोडलेला असला, की मधे उरलेल्या एकमेव हलत्या जोडीवर मानेची सगळी उठाठेव येऊन पडते. वर्षानुवर्षांच्या ओढाताणीने आडवा अस्थिबंध सैल होतो, सुळका मागे सरकतो किंवा कवटीच्या तळात वर घुसतो. माँट्रियल येथील डोनाल्ड मॅक्रे यांनी १९५३ साली दाखवून दिले, की अशा रुग्णांत सुळक्यामागे मज्जारज्जूसाठी किती जागा उरते यावरच पुढचे सारे अवलंबून असते. ती सुमारे दोन सेंटिमीटरांच्या खाली गेली की लक्षणे दिसू लागतात.

ही लक्षणे जन्मजात व्यंगाची असूनही लहानपणी क्वचितच दिसतात. ती विशीत-तिशीत येतात, हळूहळू येतात आणि कधी एखाद्या किरकोळ पडण्याचे निमित्त होते. भात कालवताना बोटे नीट वळत नाहीत, सदऱ्याची बटणे लागत नाहीत, चालताना पाय लाकडासारखे ताठ पडतात. भारतातले मेंदूविकारतज्ज्ञ अशा वेळी हमखास विचारतात तो प्रश्न परदेशी पाठ्यपुस्तकांत सापडणार नाही: चप्पल पायातून निसटते का, आणि निसटली तर कळते का? कळूनही सावरता येत नसेल तर पायातली शक्ती गेली आहे. चप्पल मागे राहिली आणि चार पावले पुढे गेल्यावर खाली पाहून कळले, तर स्पर्शाची आणि पायाच्या स्थितीची जाणीव वाहून नेणारे मज्जारज्जूचे मागचे तंतू दाबले गेले आहेत. सलूनच्या खुर्चीत डोक्याची मालिश झाल्यावर मानेला हिसका देऊन ती ‘मोडण्याची’ जी पद्धत आहे, ती आखूड मानेच्या आणि अशी काही लक्षणे असलेल्या माणसाने कटाक्षाने टाळावी, हे या संदर्भात वेगळे सांगायला नको.

या विषयाच्या अभ्यासात मुंबईचा वाटा मोठा आहे. इथले मेंदूविकारतज्ज्ञ नोशीर वाडिया यांनी ॲटलस आणि अक्ष यांच्या जन्मजात निखळण्यामुळे मज्जारज्जूला इजा झालेल्या २८ रुग्णांचा अभ्यास १९६७ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. निदान झाले तरी उपायाची अडचण उरत होती. सैल झालेली जोडी पक्की करण्यासाठी त्या काळी ॲटलसची मागची कमान आणि अक्षाचा काटा तारेने एकत्र बांधत आणि मधे हाडाचा तुकडा बसवत. पण ज्या रुग्णांत ती कमानच जन्मतः दुभंग, अपुरी किंवा कवटीला चिकटलेली, तिथे तार अडकवायची कशाला? परळच्या केईएम रुग्णालयातील अतुल गोयल आणि त्यांचे सहकारी लाहेरी यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत कमानीला हातच लावला जात नाही. ॲटलसच्या बाजूच्या भक्कम ठोकळ्यांत आणि अक्षात थेट स्क्रू बसवून ते पट्टीने जोडले जातात, सांध्यातली कूर्चा खरवडून तिथे हाड भरले जाते आणि कालांतराने दोन्ही मणके एक होतात. मान वळण्याचा मोठा हिस्सा त्यात गमवावा लागतो, मात्र मज्जारज्जू वाचतो. पुढे जर्मनीच्या युर्गेन हार्म्स यांनी २००१ मध्ये पट्टीऐवजी सळई वापरणारा तिचा फेरफार मांडला आणि आता ही शस्त्रक्रिया जगभर गोयल–हार्म्स या जोडनावाने ओळखली जाते.

ठोकळ्यांतही उणीव असू शकते. एका बाजूचा ठोकळा नीट वाढलाच नाही तर डोके त्या अंगाला कलते आणि मुलाची मान वाढीबरोबर अधिकाधिक वाकडी होत जाते. फ्रेंच अस्थिशल्यविशारद झ्याँ द्युबूसे यांनी १९८६ साली अशा १७ मुलांची हकीकत नोंदवली. वाकड्या मानेचे नेहमीचे कारण मानेचा आखडलेला स्नायू हे असल्याने मालिश आणि व्यायामात वर्षे जातात आणि खरे कारण सीटी स्कॅन होईपर्यंत दडून राहते.

एक वेगळेपण असे आहे, की तिथे हाड कमी नसून जास्त असते. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून वर चढतात, ॲटलसच्या छिद्रातून बाहेर पडताच काटकोनात मागे वळतात आणि मागच्या कमानीवरच्या खाचेत टेकून कवटीत शिरतात. सुमारे सहा माणसांत एकाच्या ॲटलसवर या खाचेवरून हाडाचा पूल टाकलेला असतो, कधी पूर्ण, कधी अर्धवट, आणि धमनी त्या पुलाखालून जाते. डोकेदुखी आणि चक्कर यांचे खापर या पुलावर फोडण्याची एक प्रवृत्ती आहे, परंतु एवढ्या लोकांत आढळणाऱ्या गोष्टीवर सरसकट ठपका ठेवणे घाईचे ठरेल. त्याचा निश्चित धोका शस्त्रक्रियेच्या टेबलावर आहे. मागून पाहताना हा पूल आणि त्याखालची कमान मिळून एकच जाड, रुंद कमान भासते. कमानीतून ठोकळ्यात स्क्रू नेणाऱ्याला इतके भरघोस हाड आयते मिळाल्याचे समाधान वाटते आणि ड्रिल टेकवले जाते ते नेमके धमनी जिथून जाते त्या पोकळीवर. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी सीटी स्कॅनमध्ये डावी बाजू आणि उजवी बाजू वेगवेगळी तपासतात, कारण हा पूल पुष्कळदा एकाच बाजूला असतो.